ओक रिज: आपण काय बनवतोय हे माहीत नसलेल्या कामगारांचं शहर

गोष्ट षट्कर्णी झाली की ती गुपित राहत नाही, असं आपल्याकडे मानतात. सहा कान म्हणजे तीन माणसं. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ७५,००० वस्तीचं एक अख्खं शहर उभं राहिलं. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बचं युरेनियम तिथे तयार झालं. आणि ६ ऑगस्ट १९४५ या दिवसापर्यंत तिथल्या बहुतेक कामगारांना आपण काय बनवतोय याचा पत्ता नव्हता. या शहराचं नाव ओक रिज.

हे कसं शक्य झालं असं विचारलं की सहसा काटेरी कुंपण, बंदूकधारी पहारेकरी आणि खबरे यांच्याकडे बोट दाखवलं जातं. ते सगळं होतंच. पण माझ्या मते खरं कारण त्याहून साधं आहे. त्या हजारो लोकांकडे फोडायला गुपितच नव्हतं. कामाचे इतके बारीक तुकडे पाडले होते की कुणाच्याही हाती आलेल्या तुकड्यावरून पूर्ण चित्र उभं राहू नये, आणि शहराची घडीही त्याच हिशोबानं बसवली होती. हे कसं जमवलं ते समजून घ्यायचं तर सुरुवात युरेनियमपासून करावी लागते.

हजारात सात

खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये मुख्यतः दोन प्रकारचे अणू मिसळलेले असतात. बहुतेक सगळे युरेनियम-२३८, आणि अगदी थोडे युरेनियम-२३५, हजारात साधारण सात. बॉम्बसाठी हवे असतात ते हे सात. अडचण अशी की रासायनिकदृष्ट्या दोघांत वेगळं काढता येईल असा फरकच नाही. कुठलंही आम्ल घ्या, एक विरघळला की दुसराही विरघळतो. फरक आहे तो वजनाचा, तोही जेमतेम सव्वा टक्का. तेवढ्या आधारावर अणू वेगळे करायचे आणि कित्येक किलो साठवायचे, असं ते काम होतं.

सप्टेंबर १९४२ मध्ये लेस्ली ग्रोव्ह्ज या लष्करी इंजिनिअरकडे अणुबॉम्ब बनवण्याच्या 'मॅनहटन प्रकल्पा'ची सूत्रं आली. अणू वेगळे करण्याच्या तीन-चार पद्धती कागदावर होत्या. त्यांतली कुठली मोठ्या प्रमाणावर चालेल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. एरवी अशा वेळी आधी लहान कारखाना काढतात, चुका सुधारतात, मग मोठा उभारतात. इथे तेवढी सवड नव्हती, कारण जर्मनी आपल्या पुढे गेला असेल ही भीती होती. तेव्हा एकाहून अधिक पद्धती एकदम राबवायच्या असं ठरलं. शहर एवढं अवाढव्य झालं ते या निर्णयामुळे.

कारखान्यांना मुद्दाम निरर्थक नावं दिली होती. वाय-१२ मध्ये चुंबकाची पद्धत वापरली. विद्युतभार दिलेले युरेनियमचे अणू निर्वात टाकीत वेगानं सोडायचे आणि प्रचंड चुंबकानं त्यांची वाट वळवायची. घाटातल्या वळणावर भरलेला ट्रक लांबचा वळसा घेतो आणि मोटरसायकल आतल्या अंगानं निघून जाते, तसा जड अणू मोठं वर्तुळ काढतो आणि हलका लहान. पलीकडे दोन कप्पे ठेवले की दोघे वेगवेगळ्या कप्प्यात पडतात. बर्कलीतले भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉरेन्स यांनी बेतलेल्या या यंत्राला 'कॅल्युट्रॉन' म्हणत, आणि अशी १,१५२ यंत्रं वाय-१२ मध्ये बसवली गेली.

के-२५ मध्ये युरेनियमचा वायू करून तो अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून ढकलायचा. हलके रेणू जरासे जास्त चपळ असल्यामुळे पलीकडे किंचित अधिक संख्येनं पोचतात. एका पडद्यानं पडणारा फरक नगण्य असतो, म्हणून हेच हजारो वेळा करायचं. त्यासाठी इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची जी इमारत बांधली तिची एकेक बाजू अर्धा मैल लांब होती आणि छपराखाली ४४ एकर जागा होती. एस-५० या तिसऱ्या कारखान्यात ४८ फूट उंचीचे २,१४२ खांब होते आणि उष्णतेच्या फरकानं अणू वेगळे होत. एक्स-१० ची गोष्ट वेगळी. तिथे ग्रॅफाइटची अणुभट्टी होती. ती ४ नोव्हेंबर १९४३ रोजी चालू झाली आणि तिच्यात प्लुटोनियम, म्हणजे बॉम्बला चालणारं दुसरं द्रव्य, कसं बनवायचं याचा सराव झाला. नागासाकीच्या बॉम्बमधलं प्लुटोनियम मात्र वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डचं.

शेवटी कुठलीही एक पद्धत पुरी पडली नाही. १९४५ मध्ये एस-५० मधून थोडा समृद्ध झालेला, म्हणजे २३५ चं प्रमाण वाढलेला, माल के-२५ कडे, तिथून वाय-१२ कडे अशी साखळी लावली, तेव्हा कुठे पुरेसं युरेनियम जमलं. हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये ते सुमारे ६४ किलो होतं. मॅनहटन प्रकल्पाच्या जवळपास दोन अब्ज डॉलर खर्चापैकी साठ टक्क्यांहून अधिक रक्कम एकट्या ओक रिजवर गेली.

इथे चांदीची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वाय-१२ च्या चुंबकांना वेटोळ्यांसाठी तांबं हवं होतं आणि युद्धामुळे तांब्याचा तुटवडा होता. चांदी विजेची वाहक म्हणून तांब्यापेक्षाही सरस, आणि ती सरकारी खजिन्यात पडून होती. प्रकल्पातले कर्नल केनेथ निकोल्स ती उसनी मागायला अर्थखात्यात गेले आणि त्यांनी हजारो टनांचा आकडा सांगितला. तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना सुनावलं की आमच्याकडे चांदी टनांत मोजत नाहीत, ट्रॉय औंसांत मोजतात. अखेर १४,७०० टन चांदी आली, तिच्या पट्ट्या झाल्या, वेटोळी झाली, आणि युद्धानंतर ती परत करणं सुरू झालं. शेवटचा हप्ता १९७० मध्ये जमा झाला. यंत्र कापताना पडलेला कीसही झाडून गोळा केला जाई, त्यामुळे घट अगदी क्षुल्लक आली. सरकारी उसनवारी इतकी चोख परत झाल्याची उदाहरणं थोडी असतील.

आधी तिथे कोण राहत होतं

ग्रोव्ह्ज यांनी नॉक्सव्हिल शहराच्या पश्चिमेला क्लिंच नदीकाठची सुमारे ५९,००० एकर जागा पसंत केली. टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या धरणांची वीज होती, नदीचं पाणी होतं, रेल्वे होती. डोंगरांच्या समांतर रांगा होत्या, म्हणजे एका खोऱ्यातल्या कारखान्यात स्फोट झाला तरी शेजारच्या खोऱ्यातला वाचेल. वस्तीही विरळ होती. पण विरळ म्हणजे शून्य नव्हे. व्हीट, एल्झा, रॉबर्ट्सव्हिल आणि स्कारबरो या वस्त्यांमधली सुमारे १,००० कुटुंबं, म्हणजे तीनेक हजार माणसं तिथे राहत होती.

१९४२ च्या शेवटी त्यांच्या दारांवर नोटिसा लागल्या. काहींना निघायला जेमतेम काही आठवडे मिळाले. जमीन कशासाठी हवी ते सांगितलं नाही. मोबदला इतका कमी होता की स्थानिक खासदारानं आवाज उठवला आणि १९४३ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं त्याची चौकशी केली. हाती फारसं काही लागलं नाही. यांतली काही कुटुंबं आधीची धरणग्रस्त होती. १९३६ मध्ये पूर्ण झालेल्या नॉरिस धरणानं त्यांना एकदा उठवलं होतं आणि त्याच धरणाच्या विजेमुळे त्यांच्यावर दुसऱ्यांदा उठायची पाळी आली. व्हीटचं चर्च आजही उभं आहे. कबरी मात्र कुंपणाच्या आतच राहिल्या.

चिखल, रांगा आणि अक्षरांची घरं

सुरुवातीचा अंदाज १३,००० लोकवस्तीचा होता. कारखाने वाढत गेले तसा तो ४२,००० वर गेला आणि १९४५ पर्यंत ७५,००० झाला. तीन वर्षांपूर्वी जिथे शेतं होती तिथे टेनेसीतलं पाचव्या क्रमांकाचं शहर झालं होतं. कामगारांचा आकडा याहून मोठा, सुमारे ८२,००० पर्यंत गेला, कारण पुष्कळजण बाहेरच्या गावांतून रोज ये-जा करत. त्यांच्यासाठी आणि शहरात फिरण्यासाठी जवळपास ८०० बसगाड्या धावत होत्या.

म्हणजे 'गुप्त शहर' या शब्दांवरून वाटतं तसं ते कुणाला ठाऊकच नव्हतं असं अजिबात नाही. नॉक्सव्हिलच्या दुकानदारांना तर गिऱ्हाईकाच्या बुटांवरचा चिखल पाहूनच कळायचं की स्वारी कुठून आली. शहर घाईनं उभं राहत होतं, रस्ते नंतर होत होते, आणि लोक चिखलावर टाकलेल्या फळ्यांवरून चालत होते. युद्धामुळे बऱ्याच वस्तूंचं रेशनिंग होतं. कुंपणाआड काहीतरी चाललंय आणि आपल्या वाटचा माल तिकडे जातोय, याचा नॉक्सव्हिलकरांना रागच होता. बाहेरच्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच: तिथे चाललंय काय.

नगररचनेचं काम स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुविशारद कंपनीकडे होतं. सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसच्या तयार पाट्यांची घरं तिनं आखली आणि त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली. ए सर्वांत लहान, पुढची अक्षरं मोठ्या कुटुंबांची आणि वरच्या हुद्द्यांची. कुणाला कुठलं अक्षर मिळालं यावरून त्याचं वजन कळायचं. एकट्या मुलींसाठी आणि पुरुषांसाठी वसतिगृहं होती, बांधकाम कामगारांसाठी ट्रेलर आणि बराकी. के-२५ जवळ 'हॅपी व्हॅली' नावाची बांधकाम मजुरांची छावणी होती. नाव आनंदाचं आणि गर्दी १५,००० माणसांची. कामगार टिकत नव्हते म्हणून ती बसवली होती. दिवसभर राबून लांबच्या बसनं घरी जाण्यापेक्षा माणसं नोकरी सोडून देत, तेव्हा राहायला, जेवायला आणि सिनेमा पाहायला जागा तिथेच करून दिली.

सगळं शहर लष्कराच्या मालकीचं. घरांची वाटणी, कोळसा, बस, कचरा, खाणावळी हे सगळं रोन-अँडरसन नावाची एक कंपनी लष्कराच्या वतीनं पाही. महापौर नाही, निवडणूक नाही. बारा वर्षांवरच्या प्रत्येकानं ओळखीचा बिल्ला लावायचा. वर्तमानपत्र होतं, पण ते बाहेर न्यायचं नाही. नोकरी गेली की घरही गेलं, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. माझ्या मते पहाऱ्यापेक्षा जास्त परिणाम याच गोष्टीचा होत असावा. मंदीची दहा वर्षं काढलेल्या माणसाला पगार, गरम पाणी आणि मुलांना चांगली शाळा मिळाली की तो शेजाऱ्याला 'तू नेमकं काय करतोस' असं विचारत नाही.

ही माणसं दबून, कुजबुजत जगत होती असंही नाही. बहुतेक सगळी तरुण होती. टेनिस कोर्टावर नाच व्हायचे, बोलिंगचे सामने व्हायचे. टेकडीवरच्या एकाच प्रार्थनागृहात कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ज्यू आळीपाळीनं प्रार्थना करायचे. दुकानापुढे रांग दिसली की आधी तिच्यात उभं राहायचं आणि मग कशाची रांग ते विचारायचं, ही तिथली रीत. 'तुम्ही तिकडे बनवता तरी काय?' या प्रश्नाला ठरलेलं उत्तर होतं, 'घोड्यांचे पुढचे अर्धे भाग. वॉशिंग्टनला पाठवतो, तिथे मागच्या भागांशी जोडतात.'

सुई मधोमध ठेवा

आता मुख्य मुद्दा. कॅल्युट्रॉन चालवायला लॉरेन्स यांच्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. झालेले शास्त्रज्ञ होते. टेनेसीत एवढे शास्त्रज्ञ आणायचे कुठून? म्हणून कारखाना चालवणाऱ्या टेनेसी ईस्टमन कंपनीनं आजूबाजूच्या खेड्यांतल्या, नुकत्याच शाळा संपवलेल्या मुली घेतल्या. उंच स्टुलावर बसायचं, समोर डायल आणि खुंट्या. अमुक सुई मधल्या खुणेवर ठेवायची, उजवीकडे सरकली की ही खुंटी फिरवायची, डावीकडे गेली की ती. अगदीच ऐकेनाशी झाली तर पर्यवेक्षकाला बोलवायचं. आठ तासांची पाळी, रात्रंदिवस तीन पाळ्या. चुंबक इतके जबरदस्त की केसांतल्या पिना ओढल्या जात. ते पाहून पलीकडे चुंबक आहे एवढं कळे. पण चुंबक कशासाठी, ते नाही. 'युरेनियम' हा शब्द उच्चारायचा नव्हता. त्याला 'ट्यूबॲलॉय' म्हणायचं.

लॉरेन्स यांना हे पटेना. निकोल्स यांनी पैज लावली की मुली तुमच्या शास्त्रज्ञांपेक्षा जास्त माल काढून दाखवतील. मुली जिंकल्या. सुई हलली की शास्त्रज्ञ ती का हलली याचा शोध घेत बसायचे, डायलशी खेळत राहायचे. मुली सांगितलेली खुंटी फिरवून सुई जागेवर आणायच्या.

हा किस्सा नेहमी गमतीनं सांगितला जातो, मुलींच्या कौतुकानंही. मला तो जरा अस्वस्थ करणारा वाटतो. त्या पैजेत सिद्ध काय झालं? तर माहिती नसणं हा कामातला अडथळा नाही, उलट त्यानं उत्पादन वाढतं. गुप्ततेची अट आणि कारखान्याची सोय एकाच ठिकाणी येऊन मिळाली होती. के-२५ मध्ये नळ्यांचे सांधे तपासणाऱ्या माणसाला हेलियम गळतंय का ते पाहायला शिकवलं होतं, पुढे त्या नळीतून काय जाणार हे सांगितलं नव्हतं. रसायनशाळेत यंत्राच्या आतल्या बाजूला चिकटलेला थर धुऊन काढणारे तो थर कशाचा ते विचारत नव्हते. कपड्यांना चिकटलेले कणसुद्धा परत मिळवले जात, इतका तो माल मोलाचा होता.

पाहणाऱ्याला आणखी एका गोष्टीचं कोडं पडे. मालगाड्यांवर मालगाड्या आत येत आणि बाहेर काहीच जाताना दिसत नसे. बाहेर जाणारा माल होता तो साध्या वेषातल्या लष्करी माणसाच्या हातातल्या बॅगेत. लहानशा डब्यात युरेनियम घालून तो माणूस प्रवाशांच्या रेल्वेनं शिकागोला आणि तिथून न्यू मेक्सिकोला जाई. तिथे लॉस अलामॉसला बॉम्ब जुळवला जात होता. शेजारच्या बाकावरच्या प्रवाशाला बॅगेत काय आहे याची शंकाही येत नसे.

आठवण करून द्यायला ठिकठिकाणी फलक होते. सर्वांत प्रसिद्ध फलकावर आपल्या ओळखीची तीन माकडं होती, डोळे, कान आणि तोंड झाकलेली. इथे पाहिलंत, केलंत, ऐकलंत ते इथेच ठेवा, असा त्यावर मजकूर. कामगारांतूनच काहींना खबरे नेमलं होतं. शेजारी काय बोलतो ते चिठ्ठीत लिहून नॉक्सव्हिलमधल्या एका खोट्या कंपनीच्या पत्त्यावर टाकायचं. जास्त चौकशी करणारा माणूस एक दिवस कामावर दिसेनासा होई, आणि तो कुठे गेला हेही कुणी विचारत नसे.

इतकं करूनही खरा हेर आत होताच. जॉर्ज कोव्हाल हा अमेरिकेत जन्मलेला सोव्हिएत हेर १९४४ मध्ये सैनिक म्हणून ओक रिजला आला. त्याला काम मिळालं किरणोत्सारापासून सुरक्षितता तपासण्याचं. ज्या कामासाठी सगळीकडे फिरावं लागतं, असं हे काम. गोष्ट तुकड्यांत वाटलेली असली तरी सगळे तुकडे पाहायची मुभा असलेली काही माणसं लागतातच, आणि हा त्यांतला एक निघाला. २००७ मध्ये, तो वारल्यावर, रशियानं त्याला आपला सर्वोच्च सन्मान दिला तेव्हा हे प्रकरण जगजाहीर झालं. सामान्य कामगारांच्या तोंडाला कुलूप लावून नेमकं काय साधलं, असा प्रश्न इथे पडतो.

कुंपणाच्या आतलं कुंपण

मूळ आराखड्यात काळ्या कामगारांसाठी शहराच्या पूर्वेला स्वतंत्र पण नीटस वस्ती दाखवलेली होती. गोऱ्यांना घरं कमी पडायला लागल्यावर ती गोऱ्यांना देऊन टाकली. काळ्या कामगारांच्या वाट्याला आल्या हटमेंट, म्हणजे सोळा बाय सोळा फुटांच्या प्लायवूडच्या खोल्या. मधोमध कोळशाची शेगडी, खिडक्यांना काच नाही, नुसत्या लाकडी झडपा, आणि एका खोलीत चार-पाच माणसं. नवरा-बायको दोघंही तिथेच कामाला असले तरी त्यांना एकत्र राहता येत नसे. बायकांच्या हटमेंटांना वेगळं काटेरी कुंपण होतं. मुलांना तर आणायचंच नाही. हे टेनेसीच्या रीतीला धरून होतं, असं सांगून लष्कर मोकळं झालं. पण शहर तर केंद्र सरकारचं, कोऱ्या जमिनीवर नव्यानं बांधलेलं. ती रीत तिथे मुद्दाम आणावी लागली होती.

आणि न सांगण्याची सवय एकदा लागली की ती कुठवर जाते हे दाखवणारी एक नोंद आहे. मार्च १९४५ मध्ये सिमेंटचं काम करणारा एक काळा मजूर मोटार अपघातात जखमी होऊन ओक रिजच्या लष्करी इस्पितळात आला. हाडं मोडली होती, बाकी प्रकृती चांगली होती. १० एप्रिलला त्याला प्लुटोनियम टोचलं गेलं. ते शरीरात किती राहतं आणि किती बाहेर पडतं याचं मापन करायचं होतं. त्याची संमती घेतल्याचा कागद नाही. कागदोपत्री त्याचं नाव झालं 'एचपी-१२'. हाडांचे आणि दातांचे नमुनेही घेतले गेले. १९५३ मध्ये तो वारला. चाळीस वर्षांनी, १९९० च्या दशकात, अमेरिकी सरकारनं अशा प्रयोगांची अधिकृत चौकशी केली तेव्हा हे सविस्तर बाहेर आलं.

६ ऑगस्ट

त्या सोमवारी अध्यक्ष ट्रुमन यांचं निवेदन रेडिओवर आलं आणि ओक रिजच्या लोकांनी आपल्या शहराचं नाव जगाबरोबरच ऐकलं. निवेदनातच म्हटलं होतं की कामगारांपैकी थोड्यांनाच ते काय बनवत होते हे ठाऊक आहे. ढीगभर माल आत जाताना त्यांना दिसतो आणि बाहेर काहीच येत नाही. लोक रस्त्यावर आले, एकमेकांना मिठ्या मारल्या. पुष्कळांचे भाऊ, नवरे पॅसिफिकमध्ये लढत होते आणि युद्ध संपणार याचा आनंद खराच होता. हिरोशिमातल्या मृतांची संख्या त्या वर्षाअखेर १,४०,००० च्या आसपास गेली. तो तपशील ओक रिजला हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी पोचला. नंतर मुलाखती देताना काही बायकांनी अभिमान सांगितला, काहींनी अपराधाची भावना, आणि अनेकींनी दोन्ही.

ज्यांना माहीत होतं त्यांना निदान मत मांडता आलं होतं. जुलै १९४५ मध्ये एक्स-१० च्या प्रयोगशाळेतल्या ६७ वैज्ञानिकांनी एका विनंतीअर्जावर सह्या केल्या. या शस्त्राची ताकद आधी जाहीर करावी, दाखवावी, मग वापराचं पाहावं, असा त्याचा आशय. त्या अर्जाचा उपयोग झाला नाही. पण डायलसमोर बसलेल्या मुलीला सही करण्याचा प्रश्नच नव्हता. कशावर करणार?

नंतर

युद्ध संपताच नोकऱ्या झपाट्यानं कमी झाल्या आणि १९५० पर्यंत वस्ती तीस हजारांवर आली. १९४७ पासून कारभार लष्कराकडून नागरी अणुऊर्जा आयोगाकडे गेला. १९ मार्च १९४९ ला फाटकं उघडली तेव्हा सिनेनट आले होते, देशाचे उपाध्यक्ष आले होते. गंमत म्हणजे बऱ्याच रहिवाशांना फाटकं उघडायला नको होती. कुंपणामुळे चोर-फेरीवाले येत नाहीत, दाराला कुलूप लावावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरं रहिवाशांना विकायला सुरुवात झाली १९५६ मध्ये, आणि स्वतःची नगरपालिका मिळायला १९५९ उजाडलं. त्याआधी, सप्टेंबर १९५५ मध्ये, स्कारबरो या काळ्या लोकांच्या नव्या वस्तीतली ८५ मुलं गोऱ्यांच्या शाळांत दाखल झाली. दक्षिणेतल्या सरकारी शाळांत ही अगदी सुरुवातीची घटना, तरी पुष्कळ दिवस तिचा फारसा गाजावाजा झाला नाही.

के-२५ ची ती अवाढव्य इमारत २०१३ पर्यंत पाडून झाली. वाय-१२ आजही चालू आहे. २०१५ पासून ओक रिज, हॅनफर्ड आणि लॉस अलामॉस मिळून एक राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. ग्रॅफाइटची भट्टी पर्यटकांना पाहता येते.

उरला तो आजारांचा हिशोब. युरेनियमच्या धुळीत, रसायनांत काम केलेल्या माणसांना पुढे कर्करोग झाला तर तो कामामुळेच झाला हे सिद्ध कसं करायचं? आपण काय हाताळत होतो हे त्यांना तेव्हा सांगितलेलं नव्हतं, आणि कुणाच्या शरीरात किती किरणोत्सार गेला याच्या नोंदी एकतर ठेवल्याच नव्हत्या किंवा अपुऱ्या होत्या. २००० मध्ये अमेरिकेनं अण्वस्त्र कारखान्यांतल्या कामगारांसाठी भरपाईचा कायदा केला. के-२५ च्या कामगारांना त्यात सुरुवातीपासून खास गटात घातलं. ठरावीक मुदत काम केलेलं असेल आणि यादीतला कर्करोग असेल, तर कारण सिद्ध करायची गरज नाही, दीड लाख डॉलर मिळतील. वाय-१२ मध्ये १९४३ ते १९४७ या काळात युरेनियमच्या कामावर असलेल्यांना त्या गटात यायला २००५ साल लागलं. त्या काळातला डोस आता मोजताच येणार नाही, हे सरकारनं तेव्हा मान्य केलं. १९४४ मध्ये अठरा-वीस वर्षांच्या असलेल्या मुली तोवर ऐंशीला टेकल्या होत्या. कामगार हयात नसेल तर कायद्यानुसार नवरा, बायको किंवा मुलांना अर्ज करता येतो.